'जसे आले तसे पुढे पाठवले' म्हणणाऱ्या काकांस खुले पत्र

ती. काकांस,

'आपल्या भागात मुले पळवणारी टोळी फिरत आहे. खरे-खोटे माहीत नाही, पण सावध राहिलेले बरे. जसे आले तसे पुढे पाठवले.' तुमचा हा मेसेज पुन्हा एकदा सगळ्या ग्रुपांवर येऊन गेला, म्हणून हे पत्र. पहाटेचा गुलाब माफ आहे. कुणाच्या निधनाच्या बातमीखाली चुकून पडलेला हसरा चेहराही माफ. पु. ल. देशपांडे 2000 साली गेले, व्हॉट्सॲप आले 2009 साली. तरी मोबाइलच्या वेडावरचे पुलंचे विचार तुम्हांला नेमाने कुठून मिळतात, हेही विचारत नाही. भांडण आहे ते त्या शेवटच्या वाक्याशी.

ते वाक्य म्हणजे तुमचा अटकपूर्व जामीन. बातमी खरी निघाली तर काकांनी आधीच सांगितले होते. खोटी निघाली तर काकांनी ती खरी आहे असे म्हटलेच कधी? पण वाचणाऱ्याला वर दिसते ते तुमचे नाव. सोसायटीचा हिशेब वर्षानुवर्षे पैशापैशाने जुळवणारा माणूस सांगतोय, म्हणजे काहीतरी असणारच, असे पुतणी समजते आणि शाळेच्या पालक-ग्रुपवर टाकते. मेसेज लिहिणारा कोण, हे कुणालाच ठाऊक नसते. त्याला वजन येते ते तुमच्यासारख्यांची पत उसनी घेऊन. पत वापरायची आणि जबाबदारी नाकारायची, हा व्यवहार हिशेबाच्या माणसाला शोभत नाही.

अशाने काय होते ते धुळे जिल्ह्याने पाहिले आहे. 2018 मध्ये एक व्हिडिओ देशभर फिरत होता. मोटारसायकलवरून दोघे येतात, गल्लीत खेळणारे पोर उचलतात आणि पसार होतात. ती कराचीतल्या 'रोशनी' संस्थेची, मुलांना जपा असे सांगणारी फिल्म होती. मूळ फिल्ममध्ये ते पोर लगेच परत आणून सोडतात आणि संदेशाचा फलक दाखवतात; कुणीतरी नेमका तेवढाच शेवट कापला. अशाच अफवांच्या दिवसांत, 1 जुलैच्या रविवारी, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याच्या आठवडे बाजारात भिक्षा मागत फिरणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण आले. सोलापूर जिल्ह्यातले, मंगळवेढ्याकडचे. मुले पळवणारे समजून जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठेचून मारले. पाच माणसे, काका! पोटासाठी गावोगाव हिंडणारी. अफवा पुढे ढकलणाऱ्यांपैकी बहुतेकांनी काठीला हातही लावला नसेल. सावधच तर करत होते बिचारे!

हेतू चांगला होता, असे तुम्ही म्हणाल. असेलही. शंभरातला एखादा मेसेज खरा निघाला तर, असेही विचाराल. पण ज्यात गाव नाही, तारीख नाही, पोलीस ठाण्याचे नाव नाही, तो खरा असला तरी कुणाला वाचवणार? सावध राहायचे ते कुणापासून? उत्तर एकच उरते: अनोळखी दिसेल त्यापासून. फेरीवाल्यापासून, बहुरूप्यापासून, भाषा न कळणाऱ्या मजुरापासून, एकटीच बडबडत जाणाऱ्या बाईपासून. तुमचा मेसेज चोर दाखवत नाही. जमावाला पुढचा माणूस दाखवतो. राहिली व्हॉट्सॲप कंपनी. तिने 2018 मध्ये भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करण्याची मर्यादा घातली, आणि एप्रिल 2020 मध्ये फार फिरलेल्या मेसेजसाठी ती एकावर आणली. त्याच महिन्यात पालघर जिल्ह्यात गडचिंचले येथे दोन साधू आणि त्यांचा चालक अफवांनी बिथरलेल्या जमावाच्या हातून मारले गेले. अफवेला मोबाइलच लागतो असे नाही, तोंडेही पुरतात. आणि फार फिरलेल्या मेसेजवरचा दुहेरी बाण दिसला की तुम्ही मजकूर कॉपी करून नव्याने चिकटवता, त्याला कंपनी काय करणार?

तुमचे दुखणे कळत नाही असे नाही. निवृत्तीनंतर फोन वाजेनासा होतो, सल्ला कुणी विचारत नाही. 'आज गुडघा फार दुखतोय' असे ग्रुपवर लिहिले तर दोन निळ्या खुणा उमटतात आणि संपते. 'टोळी आली' म्हटले की दहा मिनिटांत बारा जण 'धन्यवाद काका' म्हणतात. ही सवय तुम्हांला आम्ही सगळ्यांनी मिळून लावली. तेव्हा गुडघ्याबद्दल जरूर लिहा, काका. उत्तर आले नाही तर पुन्हा लिहा.

टोळीचा पुढचा मेसेज येईल तेव्हा मात्र एवढे करा. मूल पळवताना खरेच कुणी दिसले असेल तर ग्रुपवर टाकू नका, 112 ला फोन लावा. ते ठिकाण विचारतील, वेळ विचारतील आणि तुम्ही स्वतः पाहिलेत का, असेही विचारतील. त्या प्रश्नाला उत्तर नसेल, तर मेसेज तुमच्यापाशीच राहू द्या.

आपला,
ग्रुप न सोडलेला एक सदस्य