रानडुकराने येण्याआधी अर्ज करावा

रा. रा. रानडुक्कर,
मुक्काम रान, पोस्ट आमचाच कुणगा,
तालुका लांजा, जिल्हा रत्नागिरी.

स. न. वि. वि.

पत्रास कारण की, काल रात्री आपण सहकुटुंब येऊन गेलात. गडग्याचे चिरे ढासळलेत, सुरणाचा वाफा तळापर्यंत उकरलाय आणि भात असं आडवं झालंय की मंडळी त्यात लोळलीसुद्धा असावीत. खाल्लंत त्याचं एवढं नाही हो, पण लोळायचं काय कारण?

तक्रार एवढीच, की आपण कायदा पाळत नाही. आम्ही पाळतो. 1972चा वन्यजीव कायदा आपल्या बाजूचा. त्यातून 2015च्या शासन निर्णयाने आम्हाला वाट काढून दिली: वनक्षेत्रपालांकडे अर्ज करायचा, पोच घ्यायची, 24 तासांत उत्तर आलं नाही तर परवानगी मिळाली असं समजायचं. सरकार गप्प बसलं की ‘हो’ समजायची सोय आम्हाला उभ्या आयुष्यात या एकाच बाबतीत मिळाली. तेव्हा येण्याआधी निदान एक दिवस कळवत जा. आपण येता रात्री दोनला, त्या वेळी अर्ज घ्यायला कोण बसलंय? शनिवार-रविवार तर येऊच नका.

बंदुकीचा परवाना वेगळा. तो पोलिसांच्या अहवालानंतर जिल्हाधिकारी देतात, पाच वर्षांसाठी. शेतीसंरक्षणासाठी म्हटलं की सातबारा आला, आणि आमच्या सातबाऱ्यावर पणजोबांपासून सगळे नांदतायत. निम्मे वारले, उरलेले परळ सोडून विरारला गेले. संमतीची सही मागायला फोन केला की पहिला प्रश्न, “जमीन विकतोस काय रे?”

एवढं करून मिळालेली ठासणीची बंदूक 2024 साली ऐन कापणीत पोलीस ठाण्यात जमा झाली. 15 ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता लागली ना! मतदान 20 नोव्हेंबरला. तोवर भात आपल्या पोटात. आचारसंहितेच्या काळात सगळ्यांचे दौरे तपासले जातात म्हणे. आपले कोणी तपासल्याचं ऐकिवात नाही.

आता समजा, सगळे कागद जुळले आणि बारही लागला. तर कृपया जंगलाकडे पळू नका. परवानगी माझ्या शेतापुरती आहे, तेव्हा गट नंबर बघून पडा. पडलात की वन्यजीव कायद्याच्या कलम 39 प्रमाणे आपण सरकारी मालमत्ता. माझं भात खात होतात तेव्हा मात्र आपला मालक शोधून सापडत नव्हता. वाडीतली काही पोरं आतापासूनच वाटपाच्या गोष्टी करतायत. मसाला वाटून ठेवू नका, असं त्यांना बजावलंय.

कळावे, लोभ नसावा.

आपला,
सातबाऱ्यावरचा एक हिस्सेदार

ता. क. वरच्या वाफ्यातला सुरण अजून शाबूत आहे. अर्ज आज दुपारी तीनला दिला, पोच खिशात आहे. उद्या तीननंतर केव्हाही यावे.