मस्टरवरचे बत्तीस

दंतवैद्याने खर्चाचा आकडा सांगणे आणि रुग्णाने घरी पोहोचणे या दोन घटनांच्या मध्ये जी व्यक्ती हटकून उभी असते, तिची दखल वैद्यकशास्त्राने घेतलेली नाही आणि अर्थशास्त्रानेही घेतलेली नाही. पनवेलजवळच्या कोन येथील गिरणी कामगारांच्या वसाहतीत या प्रकाराचे जे गृहस्थ आढळतात त्यांना तात्या म्हणतात. वाचकांच्या गल्लीत त्यांचे नाव अण्णा, भाऊ किंवा काका असू शकेल, परंतु सुजलेल्या गालावर रुमाल धरून जिना उतरणाऱ्या माणसाला कठड्यापाशी अडवून विचारले जाणारे प्रश्न सर्वत्र तेच असतात. ‘खालचा की वरचा?’ हा पहिला प्रश्न, ‘किती सांगितलं?’ हा दुसरा, आणि उत्तर दोनशे रुपये असो वा दोन लाख, ‘लुटतोय तुमास्नी’ हा निष्कर्ष. ज्याची दाढ ठणकते त्याला तोंड उघडवत नाही, आणि समोरच्याने तोंड उघडावे अशी तात्यांची अपेक्षाही नसते, त्यामुळे ही सल्लामसलत बराच वेळ चालते.

तात्यांचे बोलणे समजण्यासाठी त्यांची परिभाषा माहीत असणे आवश्यक आहे. त्यांची उमेदीची वर्षे परळच्या एका कापड गिरणीतील साचेखात्यात, म्हणजे मागांवर कापड विणण्याच्या विभागात, गेली. गिरणी सुटून चार दशके उलटली तरी चराचराची विभागणी ते कायम आणि बदली या दोनच वर्गांत करतात. कायम म्हणजे ज्याचे नाव मस्टरवर, अर्थात हजेरीपटावर, पक्के आहे तो कामगार. बदली म्हणजे जो रोज पाळीच्या वेळी गेटवर उभा राहतो आणि कोणी गैरहजर असेल तरच ज्याला आत घेतले जाते तो. तोंड हे तात्यांच्या दृष्टीने बत्तीस जणांचे खाते आहे. त्यात पुढचे दात हे दिसायला पुढे पण कामाला मागे असलेले हापिसातले कारकून, दाढा हे खरे कामकरी, आणि अक्कलदाढ हा सर्वांत उशिरा भरती होऊन आल्या दिवशी जागेवरून भांडण काढणारा साहेबाचा भाचा. हलणारा दात ले-ऑफवर असतो, ठणकणारा संपावर असतो, आणि हिरडी सुजली की गेटसभा भरलेली असते. ही उपमा पहिल्यांदा ऐकणाऱ्यास गंमत वाटते, दहाव्यांदा ऐकणाऱ्यास दातदुखी बरी वाटू लागते. तात्यांना दोहोंत फरक जाणवत नाही.

वसाहतीचा इतिहासही ते याच मस्टरवर मोजतात. एमएमआरडीएने भाडेतत्त्वावरील योजनेसाठी बांधलेल्या १६० चौरस फुटांच्या घरांपैकी दोन-दोन घरे जोडून ती गिरणी कामगारांना सहा लाख रुपयांत देण्यासाठी म्हाडाने २०१६ साली सोडत काढली. पुढे कोरोनाच्या साथीत हीच घरे विलगीकरणासाठी वापरली गेली आणि ताबा मिळण्यास वर्षे लागली. सोडतीच्या दिवशी तात्यांच्या तोंडात एकोणीस कायम कामगार होते. किल्ली हाती आली तेव्हा अकरा उरले होते. मधल्या काळात जे गेले ते वाट पाहून गेले, असे ते सांगतात, आणि ते कोणाविषयी बोलत आहेत हे ऐकणाऱ्यास लगेच उमगत नाही.

आधुनिक दंतशास्त्राचे जे भाषांतर तात्यांनी केले आहे, ते सदोष असले तरी संपूर्ण आहे. रूट कॅनाल या उपचारात किडलेल्या दाताच्या आतील मज्जा, म्हणजे नस आणि रक्तवाहिन्या असलेला मऊ भाग, काढून टाकतात आणि ती पोकळी गटापर्चा या मलाय प्रदेशातील झाडाच्या चिकापासून बनणाऱ्या पदार्थाने भरतात. एकोणिसाव्या शतकात समुद्राखालून टाकलेल्या तारायंत्राच्या तारांना याच पदार्थाचे वेष्टन असे, ही माहिती एका तरुण दंतवैद्याने कौतुकाने पुरवली, तेव्हा ‘म्हंजी वायरीचं रबर तोंडात घालायचं, आन् वर पैसं बी आमीच द्यायचं’ एवढे बोलून तात्या खुर्चीवरून उतरले. रूट कॅनाल झालेला दात त्यांच्या लेखी सक्तीने निवृत्त केलेला असून केवळ मान राखण्यासाठी मस्टरवर ठेवलेला असतो. ब्रिज, म्हणजे पडलेल्या दाताच्या शेजारचे दोन दात कोरून त्यांच्या आधाराने मधला खोटा दात बसवणे, याला तर त्यांचा तात्त्विक विरोध आहे. एका विणकराने दोनऐवजी तीन साचे चालवावेत हा मालकांचा आग्रह १९२८ च्या मोठ्या संपाच्या कारणांपैकी एक होता, आणि आपल्या जन्माआधी कामगारांनी जे नाकारले ते आपल्या दाढांवर लादू देण्यास तात्या तयार नाहीत. राहता राहिले इम्प्लांट. टायटॅनियम हा धातू हाडाशी एकजीव होतो हे स्वीडनच्या पेर-इंगवार ब्रोनेमार्क यांच्या लक्षात आले आणि १९६५ साली त्यांनी पहिल्या रुग्णाच्या जबड्यात या धातूचे स्क्रू बसवले. स्क्रू हाडात रुजेपर्यंत काही महिने थांबावे लागते आणि मगच त्यावर दात चढतो. ‘सोडत लागली, ताबा न्हाई,’ असे याचे सार तात्या सांगतात.

दंतवैद्य निवडण्याची त्यांची पद्धत जुन्या वर्षाच्या एका रोजनिशीत नोंदलेली आहे. तीत दवाखाना, काम, दर आणि शेरा असे चार रकाने आखलेले असून पनवेल, कामोठे, कळंबोली आणि पळस्पे फाट्याच्या आसपासच्या बहुतेक पाट्या तीत उतरल्या आहेत. चौथ्या रकान्यात सर्वत्र एकच शब्द आढळतो, तो म्हणजे ‘महाग’. पनवेलमधील एका मोफत तपासणी शिबिराच्या नोंदीत दराच्या जागी शून्य असून शेरा मात्र तोच आहे, कारण तेथे टूथपेस्टची नळी अगदी लहान मिळाली आणि पुढच्या तपासणीसाठी दवाखान्याचे कार्ड हाती ठेवण्यात आले. एअर कंडिशनर असलेला दवाखाना ते उंबऱ्यावरूनच बाद करतात. गारव्याचे पैसे कोणाच्या दाढेतून निघतात हे त्यांना पक्के ठाऊक असते. मासे ठेवलेली काचपेटी दिसली तर आतही जात नाहीत. एवढे असूनही भिंतीवरचे नोंदणी प्रमाणपत्र ते चष्मा चढवून वाचतात, कॅप निव्वळ धातूची, धातूवर पोर्सिलेन चढवलेली की झिर्कोनियाची, म्हणजे दाताच्या रंगाच्या कठीण सिरॅमिकची, हे विचारून घेतात, आणि सांगितलेल्या रकमेत एक्स-रे व मापाचे पैसे धरले आहेत की नाहीत हे लिहून मागतात. हे प्रश्न सुशिक्षित रुग्णांनीही विचारण्यासारखे आहेत. पण ते विचारून झाल्यावर ‘तीन घेतल्या तर चौथी कितीला?’ हा प्रश्न टाकण्याची आवश्यकता नसते, आणि तात्या तो टाकतात.

राज्य शासनाने ऑगस्ट २०२२ मध्ये पंचाहत्तर वर्षांवरील नागरिकांना एसटीचा प्रवास मोफत केला आणि या संशोधनाच्या सीमा जिल्ह्याबाहेर गेल्या. पनवेलपेक्षा पाचशे रुपयांनी कमी दराने कॅप मिळते म्हणून तात्या कऱ्हाडला गेले. पहिल्या खेपेस दात कोरून माप घेतात आणि दुसऱ्या खेपेस कॅप बसवतात, मधल्या दिवसांसाठी एक तात्पुरती कॅप चिकटवतात, हे त्यांना तेथे समजले. परतीच्या वाटेवर लोणावळ्याच्या थांब्यावर घेतलेल्या चिक्कीबरोबर ती तात्पुरती कॅप पोटात गेली. ‘बदलीवाला. पयल्याच पाळीला पळाला,’ असे त्यांनी वाहकास सांगितले, आणि वाहकाने तिकीट कोणाचे काढायचे असे विचारले. कऱ्हाडपुढील रकान्यातही ‘महाग’ हाच शेरा आहे.

या साऱ्या चिकाटीस हसण्यापूर्वी ती कोणत्या जागेतून उगवते हे पाहिले पाहिजे. आरोग्याच्या शासकीय योजना मुख्यतः रुग्णालयात दाखल होऊन करायच्या उपचारांसाठी आहेत, आणि दात किडण्यासाठी कोणी दाखल होत नाही. खासगी आरोग्यविम्याची सर्वसाधारण पॉलिसी अपघातात तुटलेल्या दाताचा विचार करते, किडलेल्या दाताचा करत नाही. म्हणजे ज्याला भरपाई हवी त्याने चिक्की खाण्याऐवजी बसखाली यावे. कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेतील किमान मासिक निवृत्तिवेतन सप्टेंबर २०१४ पासून एक हजार रुपये आहे, आणि एका रूट कॅनालमध्ये व त्यावरच्या कॅपमध्ये त्यातील कित्येक महिने सहज विरघळतात. याचा परिणाम असा होतो की वाचवता येण्याजोगा दात काढून टाकणे हाच सर्वांत स्वस्त उपचार ठरतो, आणि गरिबाचे तोंड वैद्यकीय निर्णयाने नव्हे तर खिशाच्या निर्णयाने रिकामे होत जाते. तात्यांच्या अकरांपैकी सात जण असेच गेले. प्रत्येक वेळी त्यांनी दहा ठिकाणचे दर गोळा केले, आणि दर गोळा होईपर्यंत वाचवण्यासारखे काही उरले नाही.

नेहमीच असे नव्हते. गिरणीत असताना पगारातून कामगार विम्याचे पैसे कापले जात आणि दुखणे आले की विम्याचा डॉक्टर किंवा परळचे महात्मा गांधी स्मारक रुग्णालय गाठता येई. कापसाच्या धुळीत विडी पेटवण्यास मनाई असल्याने खात्यातील बहुतेक जण तंबाखू चघळत, तात्याही चघळत, आणि किड्यांच्या पहिल्या भरतीची तारीख ते तिथूनच धरतात. १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला. तो औपचारिकरीत्या मागे घेतलाच गेला नाही, पण मस्टरवरून नावे उतरली आणि नावांबरोबर विम्याचे कार्डही निरुपयोगी झाले. कामोठ्याच्या दंत महाविद्यालयावर एमजीएम ही अक्षरे पाहून तात्यांनी ते पिवळे पडलेले कार्ड खिडकीत सरकवले होते. ते महात्मा गांधी मिशन आहे, परळचे महात्मा गांधी स्मारक नव्हे, हे खिडकीतल्या मुलीने त्यांना दोनदा समजावले. कार्ड परत खिशात ठेवताना तात्यांनी त्याचा कोपरा, दुमडू नये म्हणून, बोटाने सरळ केला.

त्या खेपेचा एक फायदा मात्र झाला. दंत महाविद्यालयांत विद्यार्थी अध्यापकांच्या देखरेखीखाली उपचार करतात, त्यामुळे तेथील खर्च खासगी दवाखान्याच्या मानाने बराच कमी असतो आणि वेळ बराच जास्त लागतो, ही गोष्ट तात्यांना उमगली, आणि ज्या वसाहतीत वेळ सोडून फारसे काही शिल्लक नाही तेथे ती पोहोचवण्याचे काम त्यांनी अंगावर घेतले. तेव्हापासून कामोठे, खारघर, नेरूळ, वेळप्रसंगी मुंबईत सीएसएमटीजवळचे शासकीय दंत महाविद्यालय किंवा नायर, असे ते कोणा ना कोणाला घेऊन जातात. गिरणी कामगारांच्या विधवांचे केसपेपर त्यांच्या पिशवीत असतात. कोणाला रक्तदाबाची गोळी आहे, कोणाला साखर आहे, कोणाला इंजेक्शनची भीती आहे, हे ते डॉक्टरांना न विचारता सांगतात, आणि रांगेतल्या बाईला धीर देण्यासाठी मस्टरची सगळी कहाणी पहिल्यापासून ऐकवतात. ती इतकी लांबते की बाया सुटका म्हणून खुर्चीत जाऊन बसतात. तात्यांच्या त्या असह्य उपमेचा एवढा उपयोग मान्य करावा लागतो.

त्यांच्या स्वतःच्या तोंडाचा प्रश्न अखेर एका विद्यार्थिनीने सोडवला. परीक्षेपूर्वी ठरावीक संख्येने पूर्ण कवळ्या, म्हणजे वरच्या व खालच्या दोन्ही जबड्यांचे सगळे खोटे दात, बनवणे विद्यार्थ्यांना आवश्यक असते आणि अजिबात दात नसलेला सोशिक रुग्ण वेळेवर मिळणे कठीण असते. चौघांवर आलेल्या तात्यांना पाहून तिचे डोळे चमकले. गरज आपली नसून समोरच्याची आहे, ही स्थिती गेटवर उभ्या राहिलेल्या माणसाला आयुष्यात प्रथमच लाभली होती. त्यांनी उरलेले चौघे सोडून देण्यास मान्यता दिली, पण रिक्षाभाडे मागितले. ‘आजोबा, मीच हॉस्टेलवर राहते हो,’ असे ती म्हणाली. मग त्यांनी रिक्षाभाडे सोडले, हिरड्या भरल्यावर मापासाठी, चाव्यासाठी, मेणाच्या दातांसाठी सांगितलेल्या प्रत्येक तारखेला पाळी सुरू होण्याआधी पोहोचले, आणि परीक्षेच्या दिवशी परीक्षकाने कवळी कशी वाटते असे विचारले तेव्हा ती टोचत असतानाही ‘कायम केल्यागत बसलीया’ असे उत्तर दिले.

घरी मात्र ते कवळीस बदली म्हणूनच वागवतात. जेवताना ती काढून ठेवतात, आणि दर विचारण्यास निघाले की लावतात. ती विद्यार्थिनी उत्तीर्ण झाली, इंटर्नशिप संपवून तिने पनवेलमध्ये लहानसा दवाखाना थाटला, आणि पहिल्याच आठवड्यात तात्या रोजनिशी घेऊन तेथे हजर झाले. पंखा आहे, मासे नाहीत, हे त्यांनी पाहून घेतले; नोंदणी प्रमाणपत्र वाचले; कॅपचे, सिमेंट भरण्याचे आणि दाढ काढण्याचे दर उतरवून घेतले. आजोबांसाठी निम्मे, असे तिने सांगताच त्यांनी मान हलवली, शेवटच्या रकान्यात ‘महाग’ असे लिहिले, आणि संध्याकाळी कठड्यापाशी उभे राहून तीन मजल्यांवरच्या चार जणींना तिचाच पत्ता दिला.