क्यूबा-व्रत : साहित्य, विधी, निषेध

हे व्रत शक्यतो धरू नये. धरायचेच असेल तर दिवाळीनंतर धरावे, म्हणजे उन्हाळा येईपर्यंत मुळे रुजतात. एप्रिलात पुण्यातल्या माशांच्या टाकीचे पाणी सहज तिशीपार जाते आणि पाणी तापले की त्यात कार्बन डायऑक्साइड वायू कमी विरघळतो. या व्रताचा सगळा जीव वायूत आहे.

देवता : हेमिअँथस कॅलिट्रिकॉइडिस, टाकीच्या तळाशी हिरवा गालिचा धरणारी पाणवनस्पती, भक्तांच्या तोंडी 'एचसी क्यूबा'. मूळ स्थान क्यूबा. ट्रॉपिका या डॅनिश रोपवाटिकेने तिला जगभर नेले. पान जेमतेम दोन-तीन मिलिमीटरचे. जपानच्या ताकाशी अमानो (१९५४–२०१५) यांनी काचेच्या टाकीत डोंगर-कुरणे उभी करून दाखवली, तेव्हापासून गोट्या-शिंपले टाकून सुखात असलेल्या माणसांनाही तळाशी हिरवळ हवीशी वाटू लागली.

साहित्य : अ‍ॅक्वासॉइल, लांब चिमटा, चांगला दिवा, टायमर, कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर, रेग्युलेटर, डिफ्यूझर, ड्रॉप चेकर. मासे ऐच्छिक. बोअरचे पाणी देवीला चालते की नाही, यावर दोन पंथ आहेत. शेवाळ दोन्ही पंथांच्या टाक्यांत असते.

रोपांचा कप आणावा, मुळांची जेली धुवावी, चिमूट-चिमूट वेगळी करून चिमट्याने मातीत खोचावी. पंधरावी चिमूट खोचताना पहिली वर तरंगते. रागावू नये, पुन्हा खोचावी. ज्यांचा संयम इथेच संपतो त्यांनी कोरडा मार्ग धरावा : माती फक्त ओली ठेवायची, वर प्लास्टिक ताणायचे, बुरशी धरू नये म्हणून रोज थोडा वेळ उघडायचे आणि महिना-दीड महिना टाकीत पाणीच भरायचे नाही. या काळात घरचे लोक रिकाम्या टाकीपुढे बसलेल्या माणसाकडे ज्या नजरेने बघतात, तिची सवय करून घ्यावी.

आता वायू. दिव्याच्या तास-दोन तास आधी सोडावा आणि दिवा मालवण्यापूर्वी तासभर बंद करावा, कारण अंधारात वनस्पती तो घेत नाही, उलट सोडते. पाण्यात लिटरमागे सुमारे ३० मिलिग्रॅम हवा. ते मोजायला ड्रॉप चेकर : निळा असेल तर देवी उपाशी, हिरवा असेल तर तृप्त, पिवळा झाला तर मासे पृष्ठभागाशी येऊन आ वासतात. तशा वेळी वायू ताबडतोब बंद करून एअर पंप लावावा, स्तोत्रे नंतर. सायट्रिक अ‍ॅसिड आणि खायच्या सोड्याच्या बाटल्यांवर लहान टाकी निभावते, पण व्रत्याचा हात कायम त्या नळीवरच राहतो.

दिवा सुरुवातीला सहाच तास. भक्तीच्या भरात बारा तास ठेवला तर देवीऐवजी शेवाळ प्रसन्न होते. पहिल्या काही आठवड्यांत काचेवर तपकिरी थर येतो. तो पुसावा आणि पाणी बदलावे, औषधे ओतू नयेत. कोरीडोरास नावाचा मिशाळ मासा स्वभावाने गरीब असतो, परंतु तळ उकरण्यात त्याचा हात कोणी धरत नाही. रोप रुजेपर्यंत त्याला प्रवेश नाही. गोल्डफिशला कधीच नाही.

साक्षात्कार दुपारनंतर होतो : पानांच्या टोकांवर प्राणवायूचे मणी धरतात आणि एकेक वर निघतो. पाणी बदलल्याबरोबर सगळीकडे चिकटलेले दिसतात ते बुडबुडे नळाचे. त्यांचा फोटो मिरवणारा व्रती खोटा समजावा. मॉन्टे कार्लो नावाचे तसेच दिसणारे, पण सोपे रोप लावून 'क्यूबाच आहे' म्हणणाऱ्याला मात्र क्षमा करावी. त्याचे मासे तरी जिवंत असतात.

गालिचा जाड झाला की निर्दयपणे कापावा. दया दाखवली तर खालच्या थराला उजेड मिळत नाही, तो कुजतो आणि एके सकाळी अख्खा गालिचा उचलून वर येतो. कापलेले तुकडे जाळीने गोळा करून ओल्या टिश्यूत, डबीत घालून प्रसाद म्हणून वाटावेत. घेणाऱ्याला फक्त घरी सिलिंडर आहे का, एवढे विचारावे. तो 'दोन आहेत, एक भरलेला' म्हणाला, तर डबी परत घ्यावी.