घरपट्टी कोण भरतं?

रायपूरजवळच्या उरला औद्योगिक भागात घरपट्टी भाडेकरू भरतो आणि पावती मालकाच्या नावाने फाटते. आपल्या शहरांच्या कारभारातला शंभर वर्षांचा अन्याय एवढ्यात आला. तो कुणाला खुपत नाही, याचा मला संताप येतो.

कारखान्यांच्या मागच्या कुठल्याही गल्लीत जाऊन बघा. एका रांगेत खोल्या, वर सिमेंटचा पत्रा, समोर सगळ्यांत मिळून एक नळ, टोकाला संडास. दारापाशी कामाचे बूट, दोरीवर कितीही धुतल्या तरी काळ्याच राहणाऱ्या पँटी. खिडकीच्या चौकटीवरून बोट फिरवलं की बोटाला लोखंडाची धूळ लागते. राहणारे बिहार, ओडिशा, झारखंडचे. काही आपल्याच गोंदिया-भंडाऱ्याकडचे. वर्षातून एकदा मालक येतो आणि सांगतो, नगर निगमने टॅक्स वाढवला, पुढच्या महिन्यापासून भाडं जास्त. किती वाढवला? विचारायची सोय नाही. पावती दाखवायचा रिवाज नाही. खोली सोडायची नसेल तर मान डोलवायची.

मालकाला चार शिव्या घालून हे मिटणार नाही. गोम आकारणीतच आहे. घर वर्षाला किती भाड्याने जाऊ शकेल, याचा अंदाज बांधायचा आणि त्यावर टक्केवारीने कर लावायचा, ही पद्धत इंग्रजांनी आपल्याकडे रुजवली. मुंबईच्या 1888 च्या महापालिका कायद्यात ती सविस्तर लिहिली आहे: वाजवी वार्षिक भाडं धरा, दुरुस्तीपोटी दहा टक्के वजा करा, उरलेल्या रकमेवर कर. म्हणजे घरपट्टीचं मोजमापच भाडं आहे. मग तिचा भार भाडं देणाऱ्यावर सरकतो, यात नवल कसलं? त्याच कायद्यात आणखी एक कलम आहे. इमारतीतल्या यंत्रसामग्रीची किंमत आकारणीत धरायची नाही. गिरणीतले माग, चात्या, इंजिनं घरपट्टीच्या हिशेबातून बाहेर. कामगाराच्या चाळीतल्या खोलीचं भाडं मात्र हिशेबात. उद्योग वाढावेत म्हणून यंत्रांना सोडलं, हे मला समजतं. पण उद्योग वाढवणाऱ्या माणसाच्या डोक्यावरच्या पत्र्यासाठी तोच विचार कुणी केला नाही.

आणि मत? ते तर त्याहून महाग. त्या कायद्याखाली मुंबईत वॉर्डातून नगरसेवक निवडायचा तर मतदाराने वर्षाला किमान तीस रुपये घरपट्टी किंवा गाडीपट्टी भरलेली असायला हवी. नाहीतर पदवी हवी. 1911 च्या शिरगणतीत शहरात पावणेदहा लाखांवर माणसं मोजली गेली. मतदार काही हजार. फिरोजशहा मेहतांसारखा मोठा माणूस महापालिकेच्या सभागृहात उभा राहून सरकारला धारेवर धरायचा, आणि त्याबद्दल त्यांना मान आहेच. पण ज्यांच्या भाड्यातून त्या सभागृहाच्या तिजोरीत पैसा जात होता, ते गिरणगावात दहा बाय दहाच्या खोलीत आठ-दहा जण झोपत होते आणि त्यांना तिथे बोलायचा अधिकार नव्हता. 1922 साली कायदा बदलला आणि भाडेकरूला मत मिळालं. अट काय, तर महिन्याला दहा रुपये भाडं. बहुतेक गिरणी कामगारांच्या खोलीचं भाडं त्याहून कमी! दार उघडलं, पण उंबरा त्यांच्या छातीइतका उंच ठेवला. 1933 च्या दुरुस्तीने ती अट पाच रुपयांवर आली. सगळ्या प्रौढांना मत मिळून महापालिकेची निवडणूक व्हायला 1948 उजाडावं लागलं. अठ्ठ्याऐंशीपासून मोजा, साठ वर्षं.

आपल्या रायपूरची गोष्ट वेगळी आणि एका अर्थी अधिक बोचरी. इथली नगरपालिका 1867 ची. 1901 साली शहराची लोकवस्ती 32,114. त्या काळी मध्य प्रांतात नगरपालिकांचा मोठा आधार घरपट्टीचा नव्हता, जकातीचा होता. नाक्यावर धान्य, तूप, सरपण, कापड अडवायचं आणि पैसे घ्यायचे. घरमालक सभासदांना हे सोयीचं होतं. स्वतःच्या वाड्यावर कर लावून घ्यायला हात कोण वर करणार? जकात नाक्यावरच कापली जाते, ती कुणाच्या पानात उतरते ते सभागृहात बसून दिसत नाही. ज्याची अर्धी मिळकत धान्यात जाते त्याच्या भाकरीवर ती बसते. ज्याच्या मिळकतीचा लहानसा वाटा धान्यात जातो त्याला ती जाणवतही नाही. वाड्याचा कर टळला तो असा.

त्याआधी याच प्रांतात भोसल्यांच्या काळापासूनचा पांढरी नावाचा कर होता. शेती न करणाऱ्यांवर, व्यापारी-कारागिरांवर, ऐपत बघून. इंग्रजांनी तो चालू ठेवला आणि 1902 साली रद्द केला. त्यात जुलूम होताच, त्याचं गुणगान मी करणार नाही. पण ऐपत बघून पैसे मागायची रीत या मातीला ठाऊक होती, एवढं नोंदवून ठेवायला हवं.

त्या काळात इथे शहाणी माणसं नव्हती असं नाही. वामनराव लाखे रायपूरचे वकील. माधवराव सप्र्यांच्या बरोबरीने 1900 साली ‘छत्तीसगढ मित्र’ हे मासिक काढण्यात ते होते, पुढे सहकारी बँकेच्या उभारणीत होते, नगरपालिकेच्या कारभारातही होते. लाखेनगर आजही त्यांच्या नावाने ओळखलं जातं. सावकाराच्या दारी जाणाऱ्या शेतकऱ्यासाठी सहकारी कर्जाची वाट त्यांनी काढली. म्हणजे पैसा कुणाकडून येतो आणि कुणावर जड होतो, हे त्यांच्या पिढीला नेमकं कळत होतं. रायपूरची मराठी माणसं त्यांचं नाव अभिमानाने घेतात. ते घेणाऱ्यांनी उरल्याच्या गल्लीतला हिशेबही मागावा.

चुकीची आकारणी झाली तर काय करायचं, हे या जिल्ह्याने 1920 मध्येच दाखवलं आहे. धमतरी तेव्हा रायपूर जिल्ह्यात होती. तिथल्या कंडेल गावावर कालव्याचं पाणी चोरल्याचा ठपका ठेवून सरकारने चार हजारांहून अधिक रुपयांची वसुली लादली. गावाचं म्हणणं सरळ होतं: पाणी घेतलंच नाही, पैसे कसले? बाबू छोटेलाल श्रीवास्तव, पंडित सुंदरलाल शर्मा आणि नारायणराव मेघावाले गावामागे उभे राहिले. सरकारने गुरं जप्त केली आणि लिलावासाठी बाजारात नेली. बोली लावायला एकही माणूस पुढे आला नाही. गुरं या बाजारातून त्या बाजारात हाकली गेली, चाऱ्यावाचून खंगली, तरी कुणी घेतली नाहीत. शेवटी सरकारला वसुली सोडून द्यावी लागली. शेजाऱ्याचा बैल स्वस्तात मिळत असताना हात मागे घ्यायला काय लागतं, याचा विचार केला की मला त्या बाजारातल्या निनावी गिऱ्हाइकांचा नेत्यांइतकाच आदर वाटतो.

आता आजचं बघू. जुन्या मध्य प्रदेशाने 1976 मध्ये जकात, म्हणजे इथली चुंगी, बंद केली. त्या बदल्यात सरकार चुंगी क्षतिपूर्ती देतं आणि नगर निगमांचे पगार बऱ्याच अंशी त्या रकमेकडे डोळे लावून असतात. त्यामुळे घरपट्टीची आकारणी नीट करायची निकड कुणाला उरत नाही. मालक स्वतःच घराचं क्षेत्रफळ आणि वापर लिहून देतो आणि त्यावर कर भरतो. विश्वासावर चालणारी ही पद्धत वाईट नाही. पण दहा खोल्या भाड्याने देणाऱ्याने स्वतःचं राहतं घर म्हणून सवलत मागितली, तर ते पकडणार कोण? ज्यांना खरं माहीत आहे ते त्या दहा खोल्यांत राहतात. त्यांना विचारत कुणी नाही. त्यातल्या कित्येकांचं मतदारयादीतलं नाव अजून गावाकडेच आहे, तेव्हा नगरसेवकाला त्यांची भीतीही नाही. तीस रुपयांची अट गेली, पण परगावच्या कामगाराला वॉर्डात आवाज नाही तो नाहीच.

यावर उपाय खर्चिक नाही. आकारणीची वही लोकांना पाहायला खुली ठेवायची, तशी जाहीर नोटीस द्यायची आणि हरकतीसाठी किमान पंधरा दिवसांची मुदत द्यायची, ही तरतूद मुंबईच्या त्या 1888 च्या कायद्यातच आहे. साहेबाच्या राज्यात जे कागदावर होतं, ते आज उरल्यात भिंतीवर का नसावं? उरला ज्याच्या हद्दीत येतं त्या बिरगाव नगर निगमने प्रत्येक वॉर्डात, हिंदीत, मोठ्या अक्षरांत यादी लावावी: कोणतं घर, किती क्षेत्रफळ, राहतं की भाड्याचं, कर किती ठरला, किती भरला. कारखान्यांच्या शेडही त्याच यादीत याव्यात. भाडेकरूलाही हरकत घेता यावी आणि ती घेतल्याबद्दल खोली खाली करायला लावणाऱ्यावर कारवाई व्हावी. ज्यांना मालकांची गुपितं उघडी पडतील अशी काळजी वाटते, त्यांना एवढंच सांगतो की सार्वजनिक तिजोरीत भरायचा कर हे कुणाचं खासगी गुपित नसतं.

तोवर भाड्याने राहणाऱ्या माझ्या वाचकांनो, पुढच्या वेळी टॅक्स वाढला म्हणून भाडं वाढवलं, तर एकट्याने वाद घालू नका. रांगेतल्या सगळ्या खोल्यांनी मिळून जा आणि निगमची पावती मागा. चालू वर्षाची आणि गेल्या वर्षाची, दोन्ही.