बंदुकीला नावं ठेवण्याआधी

नेमबाजीच्या रेंजवर नवीन आलेल्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘कोणती घेऊ?’ उत्तर द्यायला चार जण लगेच पुढे होतात. एक म्हणतो जर्मन घे, आयुष्यभर बघायला नको. दुसरा म्हणतो आधी देशी घे, हात बसू दे. तिसऱ्याचं म्हणणं, रायफलच्या नादाला लागू नकोस, पिस्तूल घे. चौथा मोबाइल काढून किमतीच दाखवायला लागतो. ‘तू आजवर किती छर्रे मारलेस?’ हे त्या मुलाला कुणीच विचारत नाही.

मी बरीच वर्षं हौस म्हणून एअर पिस्तूल मारतो. पदकं माझ्याकडे नाहीत, पण मतं आहेत आणि ती छर्रे मारून कमावलेली आहेत. त्यातलं पहिलं मत असं: ‘कोणती घेऊ’ हा प्रश्न वर्षभर लवकर विचारला जातो. त्याला घाईने उत्तर देणारे आपण जुने लोक त्या मुलाचे पैसेही घालवतो आणि वर्षही.

अथेन्सचं ऑलिंपिक आठवा, २००४ सालचं. अमेरिकेच्या मॅथ्यू एमन्सच्या रायफलमध्ये त्याच वर्षी कुणीतरी मुद्दाम बिघाड करून ठेवला होता. त्याने ओळखीच्या नेमबाजाची रायफल मागून घेतली आणि तिच्यावर ५० मीटर प्रोनचं, म्हणजे पालथं झोपून मारायच्या प्रकाराचं, सुवर्ण जिंकलं. दोनच दिवसांनी थ्री पोझिशनच्या, म्हणजे गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून मारायच्या प्रकाराच्या, फायनलमध्ये शेवटची गोळी उरली असताना तो तीन गुणांनी पुढे होता. ती गोळी त्याने मारली शेजारच्या लेनच्या टार्गेटवर. गुण शून्य. हातात आलेलं सुवर्ण गेलं आणि तो थेट आठवा आला. उसनी रायफल त्याच्या आड आली नाही. क्षणभर ढळलेलं लक्ष आलं.

बंदूक कधीच दगा देत नाही, असं मी म्हणणार नाही. टोकियो ऑलिंपिकमध्ये ऐन पात्रता फेरीत मनू भाकरचं पिस्तूल बिघडलं, मोलाची मिनिटं गेली आणि फायनल हुकली. तीन वर्षांनी पॅरिसमध्ये त्याच मनूने दोन कांस्यपदकं आणली. बीजिंगमध्ये फायनलआधी अभिनव बिंद्राने सरावाचा शॉट मारला तेव्हा गुण पडले चारच्या आसपास, कारण रायफलची साइट जागची हलली होती. त्याने क्लिक मोजून साइट पुन्हा लावली आणि त्या फायनलचा शेवटचा शॉट १०.८ मारला. बंदूक बिघडली हे त्याला एका शॉटमध्ये कळलं, कारण आपला शॉट कसा सुटला हे त्याला पक्कं माहीत होतं. ज्याला स्वतःचा शॉट ओळखता येत नाही, त्याला बंदुकीचा दोषही ओळखता येत नाही.

हे मी माझ्या हातावर शिकलो. सुरुवातीला माझे शॉट सारखे खाली डावीकडे जायचे. मी उजव्या हाताने मारतो. मी छर्ऱ्यांना दोष दिला आणि तीन वेगवेगळे डबे बदलून पाहिले. मग साइटला दोष दिला आणि क्लिक फिरवत बसलो. एक दिवस सर म्हणाले, आज छर्रा मी भरून देतो, तू फक्त मार. चार शॉट झाले. पाचव्याला त्यांनी छर्रा न भरताच पिस्तूल हातात दिलं. मी चाप ओढला, आणि पिस्तुलाचं तोंड खाली झुकलेलं मला माझ्या डोळ्यांनी दिसलं. मी चाप दाबत नव्हतो, हिसका देत होतो. त्या एका रिकाम्या शॉटने मला तीन डब्यांपेक्षा जास्त शिकवलं. उजव्या हाताने मारणाऱ्या ज्या कुणाचा ग्रुप खाली डावीकडे जात असेल, त्याने दुकानात जाण्याआधी हा प्रयोग करावा.

आता रायफल की पिस्तूल, हा वाद. कागदावरचे आकडे पाहून लोक फसतात. १० मीटर एअर रायफलच्या टार्गेटवर दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो, एअर पिस्तुलाच्या टार्गेटवर साडेअकरा मिलिमीटरचा. म्हणून पिस्तूल सोपं, असा निष्कर्ष काढला जातो. तो चूक आहे. रायफलला खांद्याचा, गालाचा आणि दोन्ही हातांचा आधार असतो, अंगात कडक जॅकेट असतं, उभं राहताना डावं कोपर कमरेच्या हाडावर टेकवता येतं. पिस्तूल एका हातात, हात पूर्ण लांब आणि खांद्यापुढे आधार कसलाच नाही. रायफल शरीराची बैठक शिकवते, भार स्नायूंवर न घेता हाडांवर कसा घ्यायचा ते शिकवते. पिस्तूल चाप शिकवतं आणि त्यात जराही सूट देत नाही. दोन्ही क्लबच्या बंदुकांवर महिना-महिना मारून पाहा. कशात रमता ते शरीरच सांगेल. दुसऱ्याच्या आवडीवरून ठरवू नका.

पॅरिसमधल्या युसुफ डिकेचच्या फोटोने तर गोंधळ आणखी वाढवला. तुर्कस्तानचा हा नेमबाज साधा टी-शर्ट, नेहमीचा चष्मा आणि एक हात खिशात अशा थाटात उभा राहिला आणि मिश्र सांघिक रौप्य घेऊन गेला. जगभर एकच ओरड झाली: बघा, साधनं लागतच नाहीत! आमच्या रेंजवरही चार जणांनी तो फोटो फिरवला. त्याच्या हातातलं पिस्तूल स्पर्धेचंच होतं, हे कुणी पाहिलं नाही. रायफलवाल्यासारखं जाड जॅकेट कुठलाच पिस्तूलवाला घालत नाही, हेही कुणी सांगितलं नाही. तो बीजिंगपासून ऑलिंपिकला जातोय आणि पॅरिसला पोचला तेव्हा पन्नाशी ओलांडली होती. खिशातला हात ही त्याची ऐट नव्हती. मोकळा हात कुठेतरी पक्का राहिला की खांदा स्थिर राहतो, म्हणून बहुतेक पिस्तूलवाले तो खिशात घालतात किंवा पट्ट्यात अडकवतात. साधनं कमी करायची असतील तर आधी तेवढा सराव हवा.

घ्यायचीच वेळ येईल तेव्हा नावाच्या आधी माप पाहा. पायातली चप्पल आपण घालून पाहिल्याशिवाय घेत नाही, आणि लाखाची रायफल मात्र फोटो बघून मागवतो. रायफलच्या दस्त्याची लांबी, गालपट्टीची उंची आणि खांद्याकडची प्लेट तुमच्या अंगाप्रमाणे सरकते का, ते पाहा. डोळे मिटून गाल टेकवा, मग डोळे उघडा. साइट समोर आली पाहिजे. मान वाकवून ती शोधावी लागली तर ती रायफल तुमची नाही. पिस्तुलाची मूठ तळहाताच्या मापाची हवी आणि ज्या हाताने मारता त्याच हाताची हवी. माझ्या पहिल्या पिस्तुलाला विक्रेत्याने एक माप मोठी मूठ दिली, ‘घासून घ्या, बसेल’ असं सांगून. मी वर्षभर तशीच मारली आणि मनगट धरून बसलो. त्या एका वाक्यावर विश्वास ठेवू नका. कोणता डोळा वरचढ आहे, तेही आधीच तपासा: दोन्ही तळहातांचा छोटा त्रिकोण करा, दोन्ही डोळे उघडे ठेवून त्यातून लांबचं घड्याळ पाहा, मग एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याला घड्याळ जागेवर दिसतं, तो तुमचा नेमाचा डोळा. अर्ध्या मिनिटाचं काम आहे, आणि ते न करता लोक वर्षानुवर्षं चुकीच्या बाजूने मारतात.

हलक्या चापाचं वेड हे आणखी एक दुखणं. एअर पिस्तुलाचा चाप किमान ५०० ग्रॅमचा असावा, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. एअर रायफलला अशी मर्यादा नाही, म्हणून नवशिके तो इतका हलका करून मागतात की बोट टेकताच शॉट सुटतो. चाप जितका हलका तितका शॉट तुमच्या नकळत सुटणार. सुरुवातीला तो बोटाला जाणवेल इतका जड ठेवा. हलका करायचा अधिकार सरावाने मिळतो.

आता पैशांबद्दल. छर्रे, रेंजची फी आणि शिकवणारा सर, या तिन्हींसाठी पैसे बाजूला काढा. उरले तर बंदूक. भारतात ०.१७७ कॅलिबरपर्यंतच्या आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जेच्या एअरगनला परवाना लागत नाही. १० मीटरचा खेळ याच कॅलिबरवर चालतो, त्यामुळे खेळाचा दरवाजा सामान्य माणसाला उघडा आहे. पुढचा रस्ता महाग आहे, यात शंका नाही. कोल्हापूर जिल्ह्यात राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेच्या शिक्षक वडिलांनी मुलाच्या गोळ्यांसाठी कर्ज काढलं, ही बातमी पॅरिसनंतर सगळ्यांनी वाचली. १ ऑगस्ट २०२४ रोजी त्याने ५० मीटर थ्री पोझिशनचं कांस्य जिंकलं, ४५१.४ गुणांनी. या प्रकारातलं ते भारताचं पहिलंच ऑलिंपिक पदक. त्या बातमीतला शब्द नीट वाचा: कर्ज गोळ्यांसाठी होतं.

कोल्हापूरने असे नेमबाज आधीही दिले आहेत. तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनची जगज्जेती झाली. राही सरनोबतने २०१८ च्या जकार्ता-पालेम्बांग आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलाचं सुवर्ण घेतलं, आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकणारी ती पहिली भारतीय महिला नेमबाज. आणि या खेळाची राष्ट्रीय संघटना १९५१ मध्ये उभी केली ती लोकसभेचे पहिले अध्यक्ष ग. वा. मावळंकर यांनी. इतका वारसा असताना आपल्या गप्पा कंपन्यांच्या नावांपाशी अडकतात, याचं मला वाईट वाटतं.

सरावाचं स्वस्त साधन घरातच आहे. भिंतीवर कोरा पांढरा कागद लावा, बंदूक रिकामी आहे हे दोनदा तपासा आणि ड्राय फायर करा, म्हणजे छर्रा न भरता चाप ओढा. कागदावर टार्गेट नसलं की नजर साइटवर राहते आणि चाप सुटताना साइट हलते का, ते दिसतं. रोज वीस मिनिटं पुरेत. एक सावधगिरी मात्र हवी: ड्राय फायरची सोय स्पर्धेच्या दाबहवेच्या बंदुकांत असते. स्प्रिंगची एअरगन रिकामी मारू नका, तिचं पिस्टन बिघडतं. .२२ ची रायफलही तशी मारण्याआधी सरांना विचारा. छर्रे चपट्या डोक्याचे घ्या, ते कागदाला स्वच्छ भोक पाडतात आणि गुण वाचता येतात. छर्ऱ्यांच्या बॅचची तुलना करायची घाई नको. ग्रुप स्वतःच्या ताब्यात आल्यावर ती करा. आणि छर्रे शिशाचे असतात, तेव्हा रेंजवरून निघताना हात साबणाने धुतल्याशिवाय वडापावला हात लावू नका.

शेवटचं मत सर्वांत कडक आहे. काही लोक रिव्हॉल्व्हरच्या गोळीच्या ताकदीवर तासभर बोलतात आणि बोलता बोलता पिस्तुलाचं तोंड चार माणसांवरून फिरवतात. लग्नाच्या वरातीत हवेत बार काढणारेही त्याच जातीचे. वर गेलेली गोळी खालीच येते, आणि शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा बेपर्वा बाराला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. बंदूक भरलेलीच आहे असं समजा. तोंड कायम टार्गेटकडे. नेम धरेपर्यंत बोट चापाबाहेर. हे तीन नियम ज्याच्या अंगात मुरलेले नाहीत, त्याचं बंदुकीबद्दलचं कुठलंही मत मी ऐकून घेत नाही, आणि तुम्हीही घेऊ नका. त्याला रेंजबाहेर काढा. तो वयाने मोठा असला तरी काढा.

नव्या मुलांना माझं एवढंच सांगणं आहे. एअरगनच्या छर्ऱ्यांचा डबा साधारण पाचशेचा येतो. क्लबची बंदूक घ्या आणि तो एक डबा सरांच्या नजरेखाली संपवा. प्रत्येक शॉट कुठे गेला, तो सुटताना कसा वाटला, ते वहीत लिहा. पाचशेव्या छर्ऱ्यानंतर वही उघडून वाचा. त्यानंतर ‘कोणती घेऊ’ हा प्रश्न घेऊन माझ्याकडे या. तोवर क्लबची बंदूक पुरे आहे.