पुणे ते नागपूर : अंतर मोजण्याची शास्त्रोक्त पद्धत

आमच्या भाऊजींच्या मते नागपूर पुण्यापासून सव्वा तासावर आहे. लग्नाच्या पंगतीत कोणी विचारलेलं नसतानाही ते हे सांगतात. त्यांच्यासारख्या जिज्ञासूंसाठी हे नियम.

नियम 1. आधी अंतर कोणतं ते ठरवावं. नकाशावर पट्टी ठेवली तर लोहगाव ते सोनेगाव सुमारे 600 किलोमीटर. नगर, संभाजीनगर करत रस्त्यानं 700 च्या पुढे. भाऊजी अंतर विमानाचं धरतात आणि भाडं मात्र ट्रॅव्हल्सचं.

नियम 2. तिकिटावरचा वेळ म्हणजे हवेतला वेळ नव्हे. विमान जागेवरून मागे ढकललं, तिथून ते पलीकडे जाऊन उभं राहीपर्यंतचा तो हिशेब. हवेत जेमतेम तासभर. लोहगावची धावपट्टी हवाई दलाची. सुखोई उडायची असली की आपण मुकाट बसायचं. भाऊजी बसत नाहीत. घड्याळावर बोट आपटून हवाई सुंदरीला दाखवतात.

नियम 3. काउंटर उड्डाणाच्या तासभर आधी बंद होतो, म्हणून घरून निघतानाच घड्याळ लावावं. सिंहगड रोडवरून लोहगाव गाठायला संध्याकाळी दीड तास कुठेच जात नाही. पुढे 15 किलोंचा काटा. भाऊजींची बॅग हमखास जड. मग भर रांगेत चेन उघडून बाकरवडीचे पुडे फरशीवर, दोन पुडे कोटाच्या खिशात, एक माझ्या हातात. 'खिशातलं वजन धरत नाहीत,' हे त्यांचं संशोधन.

नियम 4. हिवाळ्यात वरचा वारा पश्चिमेकडून जोरात असतो. जाताना विमान लवकर पोचतं, येताना रेंगाळतं. येतानाचा वेळ भाऊजी सांगत नाहीत.

नियम 5. नागपूर पाचेक अंश पूर्वेला, म्हणजे सूर्य ढोबळमानाने वीस मिनिटं पुढे. संध्याकाळी उतरल्यावर अंधार दिसला, तर विमान कंपनीशी भांडू नये.

नियम 6. यजमानांना वेळ सांगू नये. नागपूरला भाऊजींच्या थोरल्या बहीण, माई, असतात. 'सव्वा तासात आलोच' ऐकलं की त्या वडाभाताचे वडे तळायला घेतात. थोड्या वेळानं त्यांचा फोन : "कुठपर्यंत आला रे?" भाऊजी म्हणतात, "हे काय, पोचलोच." तेव्हा ते पुण्यातच सिक्युरिटीच्या रांगेत, एका हातात फोन, दुसऱ्या हातात काढलेला पट्टा. दारापासून दारापर्यंत सहा तास लागतात, हे मी माईंना कधीच सांगितलेलं नाही. वडे गार होतात. पण धाकटा भाऊ सव्वा तासावर आहे असं त्यांना वाटतंय, तर वाटू दे.

नियम 7. गाडीनं जाणाऱ्यांसाठी. समृद्धीवर मोटारींना ताशी 120 ची मर्यादा. भाऊजींनी भागाकार करून ठेवलाय : सातशे भागिले एकशेवीस, सहा तासांच्या आत नागपूर. त्यात वाघोलीसुद्धा 120 नंच धरलीये.