मिलिव्होल्टभाऊ

खामगाव म्हणजे रजतनगरी. इथल्या चांदीचं नाव निघालं की लेकीचं लग्न काढलेल्या घरात लगेच हिशेब सुरू होतात. मिलिव्होल्टभाऊंच्या कपाळाला मात्र आठ्या पडतात. त्यांच्या लेखी चांदी म्हणजे रेझिस्टरच्या टोकाचा चंदेरी पट्टा, आणि चंदेरी पट्टा म्हणजे माल दहा टक्के इकडे नाहीतर तिकडे. "चांदी हाय ना त्याच्यावर? मंग दे फेकून!" हे त्यांनी सराफ्यात उभं राहून, ऐन गिऱ्हाइकीच्या वेळी, मोठ्यांदा म्हटलेलं मी ऐकलं आहे. सोनेरी पट्टा पाच टक्क्यांचा, तो "रेडिओले चालते." तपकिरी एक टक्क्याचा, तिथपासून भाऊ माणसात येतात. आणि जांभळा, म्हणजे ०.१ टक्क्याचा, हाती लागला तर तो कागदात गुंडाळून शर्टाच्या आतल्या खिशात जातो.

खरं नाव रेशन कार्डावर असेल; गाव मिलिव्होल्टभाऊच म्हणतं. आधी रेडिओ, मग टीव्ही आणि आता इलेक्ट्रॉनिक काटे अशी दुरुस्तीची वाटचाल. किराणावाल्यांचे काटे, सराफांचे काटे, जिनिंगवाल्यांचे भुईकाटे. असा एखादा माणूस बहुतेक तालुक्याच्या गावी सापडतो. दुकानात शिरलं की स्टूल मिळतं, चहा मिळतो आणि चहा अर्धा झाला की प्रश्न येतो: "एक मिलिव्होल्ट कसा मोजशीन, सांग?"

"मीटरनं" म्हणालात की तास गेला. भाऊ साधा मल्टीमीटर पुढे सरकवतात. २०० मिलिव्होल्टच्या रेंजवर त्याचा शेवटचा आकडा ०.१ मिलिव्होल्टचा, आणि तोही दोन-तीन घरं मागेपुढे होणारा. "म्हंजे रुपयात चार आणे चूक. याले मोजणं म्हंतेत? लहान मोजाच्या भानगडीतच पडाचं नाई, बाप्पा. मोठं घ्याचं, नीट पारखाचं आन् भागाचं." अडीच व्होल्ट देणारी एक संदर्भ-चिप घ्यायची, तिच्यावर दोन रेझिस्टर एकापाठोपाठ लावायचे. वरचा २४९.९ किलोओहम, खालचा १०० ओहम, बेरीज अडीच लाख ओहम. अडीच व्होल्ट अडीच लाखांत वाटले की दर ओहमच्या वाट्याला एक लाखांश व्होल्ट येतो आणि खालच्या शंभराला नेमका एक मिलिव्होल्ट. कागदावर हे शाळेतलं गणित.

पण २४९.९ किलोओहम दुकानात मागून मिळत नाही. २४९ किलोओहम मिळतो, ९०९ ओहम मिळतो. दोन्ही जोडले की ९ ओहम जास्त. अडीच लाखांत नऊ! वास्तविक ०.१ टक्क्याचा २४९ किलोओहम स्वतःच अडीचशेएक ओहम मागेपुढे असू शकतो, त्यापुढे नऊची काय कथा. हे भाऊंना आपल्यापेक्षा चांगलं कळतं, तरी त्या नवांनी त्यांची झोप घालवली. शेवटी ते जलंबला गाडी बदलून मुंबई गाठून आले. लॅमिंग्टन रोडवर एकाच बनावटीचे रेझिस्टर ढिगातून निवडताना दुकानदारानं विचारलं, "काका, एवढ्या मालात बनवताय तरी काय?"

"एक मिलिव्होल्ट," भाऊ म्हणाले.

तो मिलिव्होल्ट आता बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात राहतो, जिनिंगमधून आणलेल्या कापसात दाबून बसवलेला. पत्रा विजेच्या तारांची गुणगुण अडवतो, कापूस पंख्याचा वारा. कारण तांब्याची तार आणि सोल्डर जिथे भेटतात तिथे एक बाजू जरा तापली तरी दर अंशाला एक-दोन मायक्रोव्होल्ट आपोआप उगवतात. आता ३० किलोच्या काट्यातला लोडसेल, म्हणजे वजनाचे मिलिव्होल्ट करणारा भाग, पूर्ण वजनाला दहाएक मिलिव्होल्ट देत असेल, तर पाच ग्रॅमच्या वाट्याला पावणेदोन मायक्रोव्होल्टही येत नाहीत. त्यामुळे कोणी उघड्या जोडावर बोट ठेवलं की भाऊ ओरडतात, "हात काढ बे! पाच ग्रॅम साखर टाकली तू काट्यात!" काट्यावर शिक्का बसतो तो प्रमाणित वजनं ठेवून, मिलिव्होल्ट दाखवून नव्हे, हे त्यांचं जुनं दुःख. डबा फक्त एवढंच सांगतो की बिघाड लोडसेलमध्ये आहे की आकडे दाखवणाऱ्या पेटीत. पण दुरुस्तीचं अर्धं काम तेवढ्यात होतं.

चांदी आटवणाऱ्या एका म्हाताऱ्या कारागिराशी त्यांचं कायमचं वाजलेलं. चांदी ९६१.८ अंशाला वितळते. तापमान मोजणारं के टाइपचं थर्मोकपल, थंड टोक शून्य अंशावर धरलं तर, तिथे ३९.८ मिलिव्होल्ट दाखवतं. एक मिलिव्होल्ट चुकला की पंचवीस अंश चुकले. म्हातारबुवा मात्र मुशीत एकदा डोकावून "झाला रस" म्हणतात आणि ओततात. भाऊंनी एकदा न राहवून विचारलं, "बाबा, तुमच्या डोळ्याचं कॅलिब्रेशन कवा केलं होतं?"

"माह्या आज्यानं केलं," बाबा म्हणाले. "तुह्या डब्याच्या लय आधी."

एवढा काटेकोर माणूस वेळेच्या बाबतीत चंदेरी पट्ट्यातही बसत नाही. "पाच मिनिटात आलो" म्हणजे जेवून घ्या. वहिनींनी अर्धा किलो वांगी सांगितली तर दीड किलो येतात, आणि "तेवढं चालते." बुलढाण्याला भाच्याचं लग्न होतं, हळदीला पोचायचं होतं, भाऊ बोथ्याचा घाट चढून पोचले तेव्हा अक्षता पडत होत्या. हातात आहेर नव्हता, डबा होता. घाटाखालच्या उन्हात जुळवलेला मिलिव्होल्ट घाटावरच्या थंडीत काय करतो, हे पाहायची ही आयती संधी. पंगत उठल्यावर त्यांनी मांडवामागे मोजून पाहिलं. दोन्ही रेझिस्टर थंडीनं बदललेले होते, पण एकाच जातीचे असल्यानं सारख्याच प्रमाणात. भागाकार जागच्या जागी. त्या आनंदात माइक हाती आला आणि भाऊ नवरा-नवरीला म्हणाले, "बदलू नका असं मी म्हनत नाई. बदला. पन दोघं संगं बदला, एकाच अंगानं. गुणोत्तर सांभाळा." मंडपानं टाळ्या वाजवल्या. मागच्या रांगेतल्या एका आजींनी हे कोणाचे शिष्य म्हणून चौकशीही केली.

कापसाच्या हंगामात एका जिनिंगचा भुईकाटा रात्री बंद पडला. गाड्यांची रांग रस्त्यापर्यंत, ड्रायव्हर शिव्या देताहेत, मालक मिनिटाला फोन करतोय. भाऊ दोन तासांनी उगवले. आले ते डबा टेबलावर ठेवून खुर्चीत बसले. "पंधरा मिनटं थांबा. डब्याले इथली हवा लागू द्या." मालकाचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. मग त्यांनी लोडसेलची केबल काढून तिथे डबा जोडला. पेटीवर आकडा आला आणि गप्प उभा राहिला. "पेटी ठीक हाय तुमची. खाली पाहा, उंदरानं तार खाल्ली असन." खरंच जोडपेटीजवळ कुरतडलेली तार निघाली. ती जोडली, पहिली गाडी काट्यावर चढली, आणि मालकानं सुटकेचा श्वास टाकून खिशात हात घातला.

"किती झाले, भाऊ?"

"द्या ना," भाऊ डबा पुसत म्हणाले, "अंदाजानं."